‘प्रेम’ लिहू की ‘माया’?

‘मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. परदेशातील काही शाळांत चौदा फेब्रुवारीच्या सुमारास भाषा, गणित, विज्ञान, भूगोल अशा सगळ्याच विषयांचे पाठ प्रेमाचा धागा धरून घेतले जातात, हे मी अलीकडे पाहिले आणि मला ते फार आवडले. शाळेत ही कल्पना मांडली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “उद्या पालक दारात येऊन उभे राहतील.” एका सहकाऱ्यांनी त्याऐवजी त्या दिवशी आई-वडिलांचे पाद्यपूजन ठेवावे असे सुचवले. दुसऱ्या बाई म्हणाल्या की आपल्या गावातील कितीतरी घरांतली माणसे सैन्यात आहेत, पुलवामाच्या दिवशी असले काही नको. इकडे मुले तर चिठ्ठ्या फिरवून एकमेकांची नावे जोडतातच. मी हे करावे का, आणि करायचे तर कसे?’
एक शिक्षिका, खानापूर तालुका

प्रिय बाई,

करावे, असेच मी म्हणेन, आणि त्याला अट एकच घालेन. ज्या तासाला तुम्ही हा धागा धराल, त्या तासाअखेर मुलांच्या पदरात त्या विषयातले काहीतरी पक्के पडले पाहिजे. फळ्यावर लाल खडूने बदाम काढला, भिंतीला कागदी माळा लावल्या आणि गणित मात्र होते तिथेच राहिले, तर मुख्याध्यापकांची भीती रास्त ठरेल, कारण ‘आज शाळेत काय शिकवले?’ या घरच्या प्रश्नाला मूल ‘व्हॅलेंटाइन’ एवढेच उत्तर देईल. तेच मूल ‘आज आम्ही एकमेकांच्या नाडीचे ठोके मोजले आणि सगळ्या वर्गाची सरासरी काढली’ असे सांगू लागले, तर तक्रार घेऊन शाळेत येण्यासारखे कोणत्याही पालकाला काही सापडणार नाही.

तुम्ही गणित-विज्ञान शिकवता, तरीही सुरुवात भाषेच्या तासापासून करावी असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. निपाणीकडच्या एका शाळेत मी सातवीला मराठी शिकवत असताना ‘माझे ज्यांच्यावर प्रेम आहे ती माणसे’ असा निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला होता. ‘प्रेम’ हा शब्द लिहून होतो न होतो तोच मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली, मुलींनी माना खाली घातल्या आणि पाच-सात मिनिटे एकाही वहीत अक्षर उमटले नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, मी प्रेमच्या जागी माया लिवतो, चालतंय न्हवं?” (आपल्या भागातल्या मुली स्वतःविषयी ‘लिवतो’, ‘जातो’ असेच बोलतात आणि ते मला नेहमीच गोड वाटत आले आहे.) मी फळ्यावरचा शब्द पुसला, तिथे ‘माया’ लिहिले, आणि वर्ग लिहू लागला. त्या दिवशीच्या वह्यांत आजी होती, दिवसभर विड्या वळणारी मावशी होती, ऊसतोडीला गेलेले आई-बाप होते आणि एका वहीत घरची म्हैसही होती.

‘प्रेम’ हा शब्द आपल्या मुलांकडे सिनेमातून आणि चिठ्ठ्यांतून येतो, म्हणून तो ऐकताच त्यांना लाज वाटते. त्याच अर्थाचे घरातले शब्द मात्र त्यांच्या तोंडी लहानपणापासून असतात. म्हणून पहिल्या तासाला मुलांकडूनच हे शब्द गोळा करावेत आणि प्रत्येक शब्द वाक्यात वापरून घ्यावा, कारण यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. माया आजी करते, लळा वासराचा किंवा तान्ह्या मुलाचा लागतो, ओढ माहेरची असते, जीव माणूस लावतो आणि कळवळा परक्याचाही येतो. जिव्हाळा मात्र दोन्ही बाजूंनी असावा लागतो. ‘जीव लावणे’ आणि ‘जीव लागणे’ यांतला फरक सातवीच्या मुलांना विचारून पाहावा. व्याकरणात कर्ता-कर्म शिकवताना जे डोक्यावरून जाते, ते इथे त्यांना चटकन कळते, कारण लावणारा कोण आणि कोणाला लावतो हे त्यांनी घरी पाहिलेले असते.

हा तास कन्नड शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना बरोबर घेऊन करता आला, तर त्याची गोडी दुप्पट होईल. कन्नडमध्ये ‘प्रीती’ आहे, ‘ओलवु’ आहे, ‘ममते’ आहे आणि ‘अक्करे’ आहे. पहिला आणि तिसरा शब्द आपल्या मुलांना लगेच ओळखू येतो, आणि उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ वर्गातले घरी कन्नड बोलणारे मूल सांगू शकते. फळ्याच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला कन्नड शब्द आणि मधोमध दोन्ही भाषांत चालणारे शब्द, असे लिहीत गेले की मधला भाग बघता बघता भरतो. नात्यांचे शब्द घेतले तर विचारूच नका. अक्का, अण्णा, अप्पा हे दोन्हीकडे आहेत, आणि ‘ताई’ हा शब्द कन्नडमध्ये आईसाठी वापरतात हे कळल्यावर थोरल्या बहिणीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलांना त्यात काही नवल वाटत नाही. कन्नड हा आपल्या शाळांतल्या पुष्कळ मुलांना परीक्षेपुरता आणि धाकाचा विषय वाटतो. मायेचे शब्द शेजारच्या भाषेत कोणते, हे शोधत त्या भाषेत शिरण्यासारखी चांगली वाट मला माझ्या नोकरीच्या काळात दुसरी सापडली नाही.

याच तासात दोन माणसांची ओळख जरूर करून द्यावी. इंदिरा संत यांचे आयुष्य बेळगावात गेले, इथल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी शिकवले, आणि त्यांचा व त्यांचे पती नारायण संत यांचा कवितासंग्रह १९४० साली एकत्र प्रसिद्ध झाला. पुढे १९४६ साली पती गेले आणि त्या विरहातून आलेली कविता मराठीत कायमची राहिली. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, कविता लिहिली ती कन्नडमध्ये. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षे कन्नड शिकवले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. दोघेही शिक्षक, दोघांनीही प्रेमाविषयी निःसंकोच लिहिले, आणि दोघेही आपल्या मुलांच्या गावांपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या आतले. प्रेम हा बाहेरून आणलेला विषय आहे असे कोणी म्हणाले, तर एवढी दोन नावे पुरेत.

आता चौदा फेब्रुवारीचा हा व्हॅलेंटाइन दिवस आला कुठून, हे समाजविज्ञानाच्या तासाला सांगावेच, आणि सांगताना दंतकथा आणि पुरावा यांतला फरक शिकवावा. इसवीसनाच्या तिसऱ्या शतकातील रोममध्ये व्हॅलेंटाइन नावाचा धर्मगुरू सैनिकांची लग्ने गुपचूप लावत असे आणि त्यासाठी त्याला देहदंड झाला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते; पण या नावाचे एकापेक्षा अधिक संत सांगितले जातात, आणि लग्नांच्या गोष्टीला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून हा दिवस वगळला, त्यामागे या संताविषयी खात्रीची माहिती फार थोडी असणे हे कारण होते. या दिवसाचा प्रेमाशी संबंध जोडलेला दिसतो तो त्या संताच्या काळानंतर हजार वर्षांनी, चौदाव्या शतकातील इंग्रजी कवितेत, आणि तिथे या दिवशी पक्षी आपापले जोडीदार निवडतात अशी कल्पना आहे. मुलांना विचारावे, की ही गोष्ट खरी आहे हे ठरवण्यासाठी तुम्ही काय काय मागाल? गावातील वीरगळ कोणाचा, देवळाची गोष्ट खरी कशावरून, हे प्रश्न मग तीच विचारू लागतील.

आणि मग दोन पत्रे वर्गात आणावीत. माझ्या मते या सगळ्या आठवड्याचे सार या दोन पत्रांत आहे, म्हणून यासाठी दोन तास गेले तरी हरकत नाही. पहिले पत्र १४७७ सालच्या फेब्रुवारीतले, इंग्लंडमधील नॉरफोक भागातल्या मार्जरी ब्रूझ नावाच्या तरुणीने जॉन पॅस्टन या आपल्या भावी नवऱ्याला लिहिलेले. त्यात ती त्याला आपला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणते, आणि इंग्रजी भाषेतले असे सर्वांत जुने ज्ञात पत्र म्हणून ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहे. पण त्या पत्रातली मुख्य अडचण ऐकली की आपल्या मुली कान टवकारतात: वडील हुंडा वाढवायला तयार नाहीत, आईने पुष्कळ सांगून पाहिले, आणि तुझे माझ्यावर खरे प्रेम असेल तर एवढ्यासाठी तू मला सोडणार नाहीस, असे ती लिहिते. त्यांचे लग्न झाले, हे सांगायला विसरू नये, कारण मुले तेच आधी विचारतात. त्या धाग्याने १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आपोआप वर्गात येतो.

दुसरे पत्र आपले. सावित्रीबाई फुले यांनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांची हकीकत आहे. दोघांचे प्रेम होते, शारजा गरोदर होती, आणि गावकरी त्यांना मारत, गावातून फिरवत घेऊन चालले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून त्यांनी दोघांचे प्राण वाचवले आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. पत्नीने पतीला लिहिलेल्या पत्रात काय काय असू शकते, हे या पत्राने मुलांना जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कशाने कळत नाही: त्यात विश्वास आहे, एका कामाची भागीदारी आहे, आणि अनोळखी माणसांविषयीचा कळवळा आहे. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलेल्या शब्दांतले कोणते शब्द या पत्राला लागू पडतात, हे मुलांना शोधायला सांगावे. बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसांची मुलगी यांचे लग्न बाराव्या शतकात झाले, अशी परंपरा सांगते. बसवेश्वर मुलांच्या ओळखीचे असतात. त्यांचा पाठ चालू असेल तर तोही धागा इथे जोडता येईल, पण सहावी-सातवीला एका पत्राचा नीट अभ्यास झाला तरी पुष्कळ झाले.

पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच, तेव्हा मुलांनाही पत्र लिहायला लावावे. इथे मी माझी एक चूक तुम्हाला सांगते, म्हणजे ती तुमच्या हातून होणार नाही. एका वर्षी मी सगळ्यांना आईला पत्र लिहायला सांगितले आणि ती पत्रे उभे राहून मोठ्याने वाचायला लावली. मामाकडे राहून शिकणाऱ्या एका मुलाने पत्र बैलाला लिहिले होते. बेंदराला तुझी शिंगे मी रंगवीन, तू पायाला लागलेले कोणाला सांगत नाहीस पण मला कळते, असे त्यात होते. वर्ग हसला, तो खाली बसला, आणि मी मुलांना गप्प करेपर्यंत उशीर झाला होता. त्याला आई नव्हती. मला ते ठाऊक होते, पण विषय देताना त्याची आठवण झाली नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. पत्र कोणाला लिहायचे हे मुलाने ठरवायचे, आणि ते मोठ्याने वाचायचे नाही. शुद्धलेखन तपासण्यासाठी तुम्ही ते पाहणार असाल, तर लिहायला बसण्यापूर्वीच मुलांना तसे सांगावे. ज्याला काही सुचत नाही, त्याला अक्षर दासोहाचे, म्हणजे शाळेतले दुपारचे, जेवण रांधणाऱ्या बाईंना, एसटीच्या वाहकाला किंवा आवारातल्या कन्नड शाळेतील ओळखीच्या मुलाला लिहिता येईल. शेवटचे पत्र कन्नडमध्ये लिहिले तर कन्नडच्या तासाचेही काम झाले. कार्डे वाटण्याचा प्रकार मात्र पूर्ण टाळावा. कोणाला दहा मिळतात आणि कोणाला एकही नाही, आणि ते मोजणारी मुले वर्गात असतातच.

तुमच्या स्वतःच्या विषयांकडे वळते. विज्ञानात हृदय आणि रक्ताभिसरण आहेच. तिथे मुलांना सांगावे की १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांपुढे एक तरुण रुग्ण स्त्री आली. त्या काळी डॉक्टर छातीला कान लावून ठोके ऐकत, आणि तसे करायला त्यांना संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले, तर ठोके कानाने ऐकू येत त्याहून स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची घट्ट सुरळी करून मुलग्यांनी मुलग्यांचे आणि मुलींनी मुलींचे ठोके ऐकावेत. वर्ग इतका शांत झालेला तुम्ही पूर्वी पाहिला नसेल. नंतर मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची, मैदानाला एक फेरी पळून येऊन पुन्हा मोजायची, दोन्ही आकडे तक्त्यात भरायचे, आणि सरासरी व स्तंभालेख गणिताच्या तासाला काढायचा. मुलांचे ठोके मोठ्या माणसांपेक्षा थोडे अधिक येतील, ते तसेच असायला हवेत. मोठ्या माणसाचे मिनिटाला बहात्तर धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात, हा गुणाकार मुलांनी स्वतः करावा. कोणी तरी विचारेलच की प्रेम हृदयात असते का. तेव्हा सरळ सांगावे की भीती, आनंद, ओढ हे सगळे मेंदूचे काम आहे. मेंदूकडून इशारा जातो, अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि हृदय जोरात धावू लागते, म्हणून माणसाला वाटले की सगळे तिथेच घडते.

गणितासाठी माझ्या आवडीचे एक उदाहरण देते. चौदा सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद कर्णावर उभा धरावा आणि वरच्या दोन बाजूंवर, त्याच बाजू व्यास धरून, दोन अर्धवर्तुळे चिकटवावीत, की पत्त्यांतल्या बदामाचा आकार तयार होतो. चौरसाचे क्षेत्रफळ १९६, दोन अर्धवर्तुळे मिळून सात सेंटिमीटर त्रिज्येचे एक पूर्ण वर्तुळ, त्याचे १५४, आणि एकूण ३५० चौरस सेंटिमीटर. परिमिती काढताना मुले हमखास चौरसाच्या चारही बाजू धरतात. त्यांना बोट फिरवून कडेने जायला सांगावे, म्हणजे दोन बाजू आतच राहतात हे त्यांना दिसते. मग २८ अधिक ४४, म्हणजे ७२ सेंटिमीटर होतात, आणि हा आकडा सकाळी विज्ञानाच्या तासाला ऐकला होता, हे कोणाच्या तरी लक्षात येतेच.

हुशार मुलांसाठी आणखी एक. कोनमापकाने वर्तुळावर दहा-दहा अंशांवर छत्तीस बिंदू घ्यावेत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि दोनच्या पाढ्याने जोडत जावे: एक दोनला, दोन चारला, तीन सहाला, अठरा छत्तीसला. त्यापुढे छत्तीस वजा करायचे, म्हणजे एकोणीस पुन्हा दोनला आणि वीस चारला. एकही वक्ररेषा न काढता सरळ रेषांतून बदामासारखा आकार उमटतो. गणितात त्याला कार्डिऑइड, म्हणजे हृदयाकार वक्र, म्हणतात आणि हे नाव १७४१ साली दिले गेले. घरी सकाळी उन्हात बसून चहा पिताना स्टीलच्या पेल्यात उजेडाची जी टोकदार वक्ररेषा दिसते, ती याच कुळातली. हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी चार-दोन मुले पेला घेऊन शाळेत येतील, त्यांना रागावू नये.

वनस्पतींचा पाठ असेल तर हृदयाकृती पाने गोळा करायला खानापूरसारखी जागा नाही. विड्याचे पान, पिंपळ, गुळवेल ही सहज मिळतात. त्यांच्या शेजारी आपट्याचे दुभंगलेले जोडपान ठेवावे आणि दसऱ्याची आठवण काढावी. आपण आपट्याचे सोने वाटतो आणि कन्नड घरांतून शमीची पाने देऊन ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’ म्हणतात, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. पान हातावर ठेवून मनातले सांगण्याची रीत आपल्या दोन्ही भाषांत आधीपासून आहे.

भूगोलासाठी गुलाब आणि चॉकलेट पुरेत. मावळातल्या तळेगाव परिसरातून आणि बेंगळुरूच्या आसपासच्या हरितगृहांतून या दिवसासाठी गुलाब परदेशी जातात. तेथील उंची, हवामान आणि विमानतळाची जवळीक ही कारणे मुलांना नकाशावरून शोधता येतात. ज्या मुलाचे वडील बेळगावच्या बाजारात फुले नेतात, त्याच्याकडून एक तारखेचा आणि तेरा तारखेचा गुलाबाचा भाव मागवावा आणि शेकडा वाढ काढावी. चॉकलेटचा कोको आपल्याच राज्यात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून होतो, आणि पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे.

आता शाळेतल्या तीन हरकतींविषयी. सैन्याचा मुद्दा मांडणाऱ्या बाईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि आपल्या गावांत फोनची रिंग अवेळी वाजली की काळजात धस्स होणारी घरे आहेत. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान गेले, त्यांत आपल्या राज्यातला मंड्याचाही एक होता. म्हणून चौदा तारखेला सकाळच्या प्रार्थनेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये, आणि हे पाठ आधीच्या आठवड्यात पसरून घ्यावेत. पत्रांच्या तासाला मात्र त्या घरांना सामील करून घ्यावे. जुन्या ट्रंकेत जपलेली सैन्यातली पत्रे एखादी आजी दाखवायला तयार असेल, तर तिला सन्मानाने वर्गात बोलवावे. तिने वाचले तेवढेच ऐकावे, बाकीचे तिचे आहे.

पाद्यपूजन सुचवणाऱ्या सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु तुमच्या तालुक्यातील किती आई-वडील कामासाठी गोव्याला किंवा पुण्याला असतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. ज्या मुलासमोरचा पाट रिकामा राहील, त्याला त्या दिवशी आपण काय शिकवले असे होईल? या सहकाऱ्यांना पत्रांच्या उपक्रमाची जबाबदारी द्यावी. ज्यांना आई-वडिलांविषयीचा आदर व्यक्त करायचा आहे ती मुले तो पत्रातून करतील, आणि सहकाऱ्यांचाही मान राहील.

मुख्याध्यापकांपुढे कल्पना तोंडी मांडू नये. दोन पानांचे टिपण करावे, त्यात प्रत्येक तासापुढे पाठ्यपुस्तकातला घटक आणि मुलांना काय यायला हवे ते लिहावे, ‘व्हॅलेंटाइन’ हा शब्द फक्त समाजविज्ञानाच्या ओळीत यावा, आणि यांतल्या कोणत्या कृती एफए-४ च्या, म्हणजे वर्षातल्या चौथ्या आकारिक मूल्यमापनाच्या, गुणांसाठी धरता येतील तेही नोंदवावे. शाळा विकास व देखरेख समितीच्या बैठकीत ते वाचून दाखवले, की पालक दारात येण्याआधीच त्यांना सगळे ठाऊक असेल.

चिठ्ठ्यांचा प्रश्न या पाठांनी सुटणार नाही, आणि तो त्यांच्यावर सोपवूही नये. सापडलेली चिठ्ठी वर्गात वाचून दाखवणे ही शिक्षा आपल्या शाळांत सर्रास दिली जाते. त्या शिक्षेने मुलीची शाळा सुटू शकते, हे मी पाहिले आहे. बदनामी झाली म्हणून घरच्यांनी तिला बसवले, आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरले. शिक्षण हक्क कायदा, २००९, मुलांच्या मानसिक छळालाही बंदी करतो, आणि ते वाचन म्हणजे छळच आहे. चिठ्ठी घ्यावी, खिशात ठेवावी, आणि दोघांशी वेगवेगळे, दार उघडे ठेवून, शांतपणे बोलावे. ज्याला ‘नको’ म्हटले गेले त्याने पुन्हा विचारायचे नाही, आणि जिला नको आहे तिने ते स्पष्ट सांगितले तर तिची चूक नाही, एवढे तरी सातवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला माहीत हवे. लग्नाचे कायदेशीर वय मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस, हेही त्याच आठवड्यात फळ्यावर लिहावे. आणि एखाद्या पत्रातून घरात किंवा बाहेर मुलाला त्रास होत असल्याचे कळले, तर ते गावात कोणालाही न सांगता मुख्याध्यापकांना सांगावे आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा. पत्रे मागवताना ही तयारी आपल्याकडे असलीच पाहिजे, कारण मुले आपल्यावर विसंबून लिहितात.

तुमच्या पत्रात कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही. मुख्याध्यापकांकडे टिपण नेण्यापूर्वी एकदा त्यांच्याकडे जावे आणि त्यांच्या आजीच्या तोंडी मायेचा कोणता शब्द असे, तेवढे विचारून यावे. पहिल्या तासाच्या फळ्यावर तो शब्द लागेल.